उपाशीपोटी

मे महिना. सकाळचे साडेआठ, पण उन्हाला आताच धार चढली आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा सरकारी दवाखाना. माणसं कडुनिंबाच्या सावलीत बसली आहेत. रांगेत त्यांच्या चपला उभ्या आहेत. ज्याच्या-त्याच्या हाती कापडदुकानाची पिशवी. तीत कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं.

"शुगरवाले इकडं, बीपीवाले तिकडं," शिपाई ओरडतो. बरेचसे दोन्हीकडचे आहेत. ते जागचे हलत नाहीत.

आत लांबट व्हरांडा. टोकाला कूलर. त्याची हवा पहिल्या दोन बाकांपर्यंत पोचते, पुढे नुसता आवाज. सगळे उपाशी आहेत. निदान सांगतात तसं.

"चहा घेतला काय काकाजी?"

"नाई जी." मग जरा वेळानं, "घोटभर. बिनसाखरेचा. गुळाचा."

सिस्टर कार्डावर काहीतरी खरडते. गुळाला साखरेत न धरणारे इथे पुष्कळ.

एका बाईचं बोट पुढे येतं. कापूस वेचून, निंदण करून कातडी इतकी राठ झाली आहे की पहिल्या टोच्याला रक्तच येत नाही. दुसरा टोचा. बोट दाबून दाबून थेंब निघतो, पट्टी तो ओढून घेते. २१४. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय, उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह.

"मागच्या टायमाले तं कमी होती," बाई म्हणते. "दोन दिस आधी भातच सोडला होता." शेजारच्या बाकावर हसू फुटतं. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच हल्ली 'तीन महिन्यांची शुगर' काढतात. तिच्यापुढे दोन दिवसांचा उपास चालत नाही.

मधल्या बाकावर एक आजी घामानं निथळते आहे. उन्हानं असेल, असं सगळ्यांना वाटतं. पण हात थरथरतोय. रात्री गोळी घेतली, जेवण अर्धवट, आणि आता दहा वाजत आले. यंत्र ५८ दाखवतं. सत्तरच्या खाली गेली की वाट बघायची नसते. सिस्टर खण ओढते, साखरेचा डबा काढते. तीन चमचे साखर, अर्धा पेला पाणी. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचायचं. आजी पेला तोंडाला लावते आणि विचारते, "चालते न पन मले साखर?"

देशभरच्या एका पाहणीचे आकडे २०२३ साली आले: दहा कोटींहून जास्त मधुमेही. शहरात प्रमाण अधिक, तरी खेड्यातही शंभर प्रौढांमागे जवळपास नऊ. या व्हरांड्यातले बहुतेक त्या नवांतले.

पलीकडच्या खोलीत समुपदेशन. टेबलावर स्टीलचं ताट. ताई बोटानं रेघ ओढते: अर्ध्या ताटात भाजी, पाव भागात वरण किंवा उसळ, उरलेल्या पावात भाकर नाहीतर भात. समोरचे काकाजी ताटाकडे बघत राहतात.

"मे महिन्यात भाजी कुठली ताई? वांगं, नाई तं मुंगवड्या."

"अंबाडी वाळवून ठेवली असेल न?"

"ठेवली हाय. पन अर्धं ताट भरल येवढी नाई."

पाव भागातल्या वरणाचंही तसंच. तूर याच मातीत पिकते, पण सहा माणसांना पुरवायची तर वरण पातळच होतं. उरला भात. रेशनवर माणशी पाच किलो धान्य, गहू-तांदूळ, २०२३च्या जानेवारीपासून फुकट. ज्वारी मात्र विकत. शेतात कपाशी अन् सोयाबीन घेतात. ज्वारी लावली तर रानडुकरं आणि पाखरं राखणार कोण?

इथून जवळच वर्ध्यात, मगनवाडीला, १९३०च्या दशकात हातसडीच्या तांदळाचा नि घाणीच्या तेलाचा प्रचार सुरू झाला होता. ताईच्या तक्त्यावरही बिनपॉलिशचं धान्य आहेच. पण त्या दोहोंच्या मध्ये रेशनचं दुकान आहे, आणि ताईला ते माहीत आहे. ती भात बंद करत नाही. भाव करते.

"दुपारी एक वाटी. रात्री भाकर."

"थापन कोन? सून मजुरीले जाते, सांजच्याले थकून येते."

"मग रात्रीही भातच, पण वाटी तीच. आधी भाजी-वरण संपवायचं, भात शेवटी. अन् आंब्याचा रस नाही. फोड खा, दोन-तीन."

सून दाराशी उभी आहे. ती पहिल्यांदाच बोलते: "येकाच गंजात सगळ्यायचं होते. येगळं काई नोका सांगू." ताई मान हलवते आणि चिठ्ठीवरचं काहीतरी खोडते. मला तर तो सल्ला खोडल्यानंतरच कामाचा वाटतो.

बाहेर टपरीवर तर्री-पोह्यांचा वास. पहिलं रक्त देऊन आलेले बाकड्यावर बसतात. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, मग पुन्हा आत. पोह्यांवर शेव, शेवेवर रस्सा. एक जण शेव नको म्हणतो. टपरीवाला आधीच टाकून बसलेला.

काकाजी दारातून परत फिरतात. रविवारी पुलगावला भाच्याचं लग्न आहे.

"पंगतीत काय करू ताई?"

"जिलबी नको. भाजी घ्या, वरण घ्या. मठ्ठा घ्या वाटलं तर."

"मठ्ठा तं जिलबीसंगच देते न जी."