वाघिणीतून वाघिणीत

बंगलोर (आजचे बंगळुरू) हे समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठारावर वसलेले शहर आहे. त्याला बंदर नाही, नौवहनास योग्य अशी नदीही नाही. येथील कारखानदाराच्या दृष्टीने माल तयार होणे म्हणजे निम्मेच काम झाले.

म्हैसूर सँडल साबणाचा जन्मच मुळी वाहतूक खुंटल्यामुळे झाला. संस्थानातील चंदनाचे लाकूड पूर्वी युरोपात जाई व त्याचे तेल तेथे काढले जाई. १९१४ मध्ये महायुद्धास तोंड लागले, सागरी मार्ग बंद झाले आणि लाकूड वखारींत पडून राहिले. तेव्हा संस्थानाने तेल स्वतःच काढण्याचा निर्णय घेतला. दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत बंगलोरला साबणाचा सरकारी कारखाना निघाला व १९१८ मध्ये साबण बाजारात आला.

परंतु तो दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवावयाचा कसा? मद्रासकडे जाणारा लोहमार्ग १८६४ पासून रुंदमापी होता. हुबळीवरून मिरज-पुण्याकडे जाणारा मार्ग मात्र मीटरमापी. पहिल्याची रुंदी १.६७६ मीटर, दुसऱ्याची १ मीटर. एकावरील वाघीण दुसऱ्यावर चालणे शक्यच नव्हते. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंदमापी झाल्यावर मुंबईस जाणारा माल मिरजेस उतरू लागला. तेथे हमालांनी एकेक खोके पाठीवर घेऊन एका वाघिणीतून दुसरीत रचावयाचे, आणि रिकामी वाघीण येईपर्यंत मालाने धक्क्यावर वाट पाहावयाची. खोकी फुटत, भिजत, क्वचित नाहीशीही होत. साबणाचे तर आणखी एक पथ्य आहे. त्याचा वास चहाला चटकन लागतो. म्हणून हे दोन जिन्नस शेजारी ठेवावयाचे नसतात. घाईच्या वेळी हे कोण पाहणार?

कागदाची वाट मालाहून वेगळी. रेल्वे-पावती बहुधा टपालाने बँकेकडे जाई. व्यापाऱ्याने पैसे भरून ती सोडवावयाची व मग माल ताब्यात घ्यावयाचा. पावती मागे राहिली आणि माल आधी पोहोचला, तर धक्क्यावरचा दंड दिवसागणिक वाढे. वाहतूक सांभाळणाऱ्या कारकुनाची खरी परीक्षा या दोहोंची गाठ घालून देण्यातच असे. मालमोटारीने ही अडचण पुष्कळ कमी केली, कारण ती दारातून थेट दारात जाते. भाडे अधिक पडले तरी व्यापारी तिच्याकडे वळले, यात नवल नाही.

परदेशी पाठवावयाच्या मालासाठी १९८१ मध्ये बंगलोरला देशातील पहिले अंतर्देशीय कंटेनर आगार सुरू झाले. येथे सीमाशुल्काची तपासणी शहरातच होते, पोलादी पेटीस मोहोर लागते आणि ती न उघडता बंदरावर जाते. वाटेत खोक्यांना हात लावण्याचे कोणास कारणच उरत नाही. मिरजेकडील मार्ग रुंदमापी होण्यास मात्र १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले.