ध्वनीचा दोष की यंत्राचा? : लहान विवर्धकाची जुळणी व दोषशोधन

१. प्रयोजन

बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासात ध्वनिमुद्रण झाल्यावर ते निवेदकाला व त्याच्या गावच्या इतर भाषकांना पुन्हा ऐकवून लेखनाची खातरजमा करून घ्यावी लागते. चार-सहा माणसांना एकत्र ऐकू जाईल इतका आवाज लहान मुद्रणयंत्राच्या अंगी नसतो. अशा वेळी विवर्धक, म्हणजे व्यवहारातला अँप्लिफायर, मध्ये घेतला जातो. सुटे भाग घेऊन तो घरी जुळवण्याचे संच बाजारात मिळतात आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही ते जुळवता येतात. मात्र जुळणीतील चूक श्रोत्याच्या कानी उच्चाराचे वैशिष्ट्य म्हणून पडू शकते. आणि एकदा लेखनात शिरलेला असा 'ध्वनी' पुढे त्या बोलीच्या वर्णनात कायमचे स्थान मिळवतो. म्हणून जुळणी आणि दोषशोधन यांची तत्त्वे ध्वनिविचाराच्या अभ्यासकाने जाणून घेणे उचित ठरते.

२. रचना

येथे 'एलएम ३८६' या आठ पायांच्या आयसीवर आधारलेला संच उदाहरणादाखल घेतला आहे. त्याला ९ व्होल्टची बॅटरी पुरते. आठ पायांपैकी तिसऱ्या पायावर ध्वनिसंकेत येतो. दुसरा व चौथा पाय ऋण तारेस जोडलेला असतो. सहाव्या पायावर धन दाब दिला जातो आणि पाचव्या पायातून वाढवलेला संकेत बाहेर पडतो. पहिला व आठवा पाय मोकळे ठेवल्यास विवर्धन २० पट होते. त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातल्यास ते २०० पट होते. पाचव्या पायावर संकेत नसतानाही पुरवठ्याच्या निम्मा दाब असतो. हा स्थिर दाब स्पीकरपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये एक मोठा कपॅसिटर बसवतात.

३. जुळणीचा क्रम

प्रथम रोधक व लहान कपॅसिटर, नंतर आयसीची बैठक आणि शेवटी उंच भाग सोल्डर करावेत. आयसी बैठकीत इतक्यात बसवू नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावरील पट्टा ऋण टोक दाखवतो. ते उलटे बसल्यास कपॅसिटर निकामी होतो. सोल्डरचा सांधा चकचकीत व तारेला सर्व बाजूंनी बिलगलेला असावा; मळकट, गोळ्यासारखा सांधा बहुधा आतून सुटा असतो.

बॅटरी जोडण्यापूर्वी धन व ऋण तारा कोठे एकमेकींस भिडल्या नाहीत ना, हे मापकाने पाहावे. मग बॅटरी जोडून बैठकीच्या सहाव्या व चौथ्या पायांमध्ये ९ व्होल्ट मिळतात का, ते तपासावे. त्यानंतर बॅटरी काढून आयसीची खाच बैठकीच्या खाचेशी जुळवून बसवावी. पुन्हा बॅटरी जोडल्यावर पाचव्या पायावर सुमारे ४.५ व्होल्ट आणि एकूण प्रवाह सुमारे ४ मिलिअँपिअर असावा. पाचवा पाय शून्यावर किंवा ९ व्होल्टच्या आसपास अडकला असेल, तर दोष दूर होईपर्यंत स्पीकर जोडू नये.

४. दोष आणि त्यांचे भाषिक सोंग

(अ) गुणगुण. भारतात विजेची कंप्रता ५० हर्ट्झ आहे. उघड्या तारेने हवेतून पकडलेली गुणगुण मुख्यतः याच कंप्रतेची असते. विजेवर चालणाऱ्या पुरवठ्यातून येणारी गुणगुण बहुधा १०० हर्ट्झची असते. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूलकंप्रता याच परिसरात असते. त्यामुळे 'प' च्या उच्चारात ओठ मिटलेले असताना जी शांतता ऐकू यावी, तीत मंद घोष असल्याचा भास होतो आणि अघोष स्फोटक अंशतः घोष म्हणून नोंदला जातो. बॅटरीवर गुणगुण थांबली, तर दोष पुरवठ्यात आहे. ती टिकून राहिली आणि प्रवेशाची टोके एकमेकांस जोडताच थांबली, तर दोष प्रवेशाच्या तारेत आहे. तेथे आवरणयुक्त तार वापरावी.

(आ) उच्च कंप्रतांचा लोप. 'चार' हा संख्यावाचक शब्द आणि 'गुरांना चार' यातील आज्ञार्थी रूप, किंवा 'जग' हे नाम आणि 'जग' हे 'जगणे'चे आज्ञार्थी रूप, यांतील तालव्य व दंततालव्य वर्णांचा भेद घर्षणाच्या उच्च कंप्रतांवर अवलंबून असतो. रेडिओचे संकेत रोखण्यासाठी प्रवेशापाशी १० किलोओहमचा रोधक व '१०२' असे अंक छापलेला, म्हणजे ०.००१ मायक्रोफॅरडचा, कपॅसिटर घातल्यास वरची मर्यादा सुमारे १६,००० हर्ट्झ राहते. त्याऐवजी '१०३' अंकाचा कपॅसिटर बसला, तर तीच मर्यादा सुमारे १,६०० हर्ट्झवर येते. एका अंकाच्या चुकीने हा भेद अंधुक होऊन 'या बोलीत च हा एकच आहे' असा निष्कर्ष निघू शकतो.

(इ) निम्न कंप्रतांचा क्षय. ८ ओहमच्या स्पीकरपूर्वी २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असल्यास सुमारे ९० हर्ट्झला शक्ती निम्मी होते. १,००० मायक्रोफॅरडचा घातल्यास ही मर्यादा सुमारे २० हर्ट्झवर उतरते.

(ई) विकृती. ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर निर्गम संकेत दोन्ही बाजूंस सुमारे ४ व्होल्टपलीकडे जाऊ शकत नाही. विवर्धन २०० पट असता २० मिलिव्होल्टची शिखरेही तेथवर पोहोचतात आणि त्यापुढे छाटली जातात. छाटलेल्या तरंगात मूळ उच्चारात नसलेल्या कंप्रता निर्माण होऊन आवाज चिरका वाटतो. तयार मुद्रण ऐकवण्यास २० पट विवर्धन घ्यावे आणि मुद्रणयंत्राचा आवाज बेताचा ठेवावा.

(उ) खरखर व फुसफुस. विवर्धन वाजवीहून अधिक असले की पार्श्वभूमीची फुसफुस वाढते. 'मण' आणि 'म्हण' यांतील भेद अनुनासिकासोबतच्या श्वासयुक्त घोषावर उभा आहे. सतत फुसफुसणाऱ्या पार्श्वभूमीवर तो ओळखणे कठीण होते. पाचव्या पायापासून ऋण तारेपर्यंतची १० ओहम व ०.०४७ मायक्रोफॅरड यांची जोडी वगळली, तर मंडल स्वतःच आंदोलन करू लागण्याचा संभव असतो. तेव्हा आयसी विनाकारण तापते.

(ऊ) पूर्ण शांतता. अशा वेळी मंडलाचे दोन भाग कल्पून शोध घ्यावा. विजेची जोडणी असलेल्या खोलीत ध्वनिनियंत्रकाच्या मधल्या टोकाला बोट लावताच गुणगुण ऐकू आली, तर पुढचा भाग ठीक असून दोष अलीकडे आहे. न आली, तर तो पलीकडे आहे.

५. निष्कर्ष

वरील दोष केवळ ऐकवण्याच्या विवर्धकात असतील, तर मूळ मुद्रण अबाधित राहते आणि चूक सुधारता येते. तसाच विवर्धक मायक्रोफोन व मुद्रणयंत्र यांच्यामध्ये असेल, तर दोष मुद्रणातच कोरला जातो. आणि वृद्ध निवेदकाच्या पश्चात ते मुद्रण पुन्हा करता येत नाही. म्हणून क्षेत्रावर जाण्यापूर्वी काही क्षणांची शांतता आणि 'चार', 'जग', 'मण', 'म्हण' यांसारखे परिचित शब्द त्याच साखळीतून ऐकून पाहावेत व वापरलेल्या भागांची मूल्ये नोंदवहीत लिहून ठेवावीत. संशयास्पद वैशिष्ट्य दुसऱ्या यंत्रावरही ऐकावे. यंत्र बदलताच जे नाहीसे होते, ते बोलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदवू नये.