‘कृपा’ शब्दाचा मूळ अर्थ व रोमकरांस पत्रांतील एक वादग्रस्त पाठ

ख्रिस्ती धर्मग्रंथांत ‘कृपा’ या शब्दास जें स्थान आहे तें त्याच्या मराठी पर्यायावरून सहसा ध्यानांत येत नाहीं. आपल्याकडे कृपेंत दया मिसळलेली असते. दीनास पाहून सज्जनाचें मन द्रवतें, ती कृपा. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’ याचें मर्म मात्र, निदान पौलाच्या लेखनांत, देणाराच्या द्रवण्यापेक्षां घेणाराच्या अंगीं देण्याजोगें कारण नसण्यांत आहे. या अर्थाशीं निगडित असा एक पाठभेद पोथ्यांच्या संग्राहकांस विचारार्ह वाटेल, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

प्रथम शब्दांचा विचार करूं. हिब्रू ग्रंथांत ‘हेन’ असा शब्द आहे. एखाद्याच्या दृष्टींत ‘हेन’ मिळणें म्हणजे त्याची मर्जी संपादणें. नोहाविषयीं हाच प्रयोग आहे. इ. स. पूर्वीं तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत झालेल्या ग्रीक भाषांतरांत ‘हेन’बद्दल ‘खारिस’ घातला गेला. पण आमच्या मतें याहून बोधक शब्द ‘हिन्नाम’ हा होय. त्याचा अर्थ फुकट, विनाकारण; ग्रीकांत ‘दोरेआन’. पौल रोमकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायांत मनुष्य ईश्वराच्या कृपेनें निर्दोष ठरतो असें म्हणतांना हाच शब्द योजतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानांत, १५व्या अध्यायांत, लोकांनीं ख्रिस्ताचा केलेला द्वेष स्तोत्रांच्या आधारें सांगतांनाही हाच शब्द आला आहे! द्वेषास जसें द्वेष्याच्या ठायीं कारण नव्हतें, तसेंच कृपेसही पात्राच्या ठायीं नाहीं. संस्कृतांत ‘अकारण’ हें विशेषण वैर आणि वात्सल्य या दोहोंस लागतें, हें जाणणारास या प्रयोगाचें नवल वाटूं नये.

आपल्या वाचकांच्या परिचयाचें उदाहरण द्यावयाचें तर इनामपत्रांचें देतां येईल. इनाम म्हणजे देणगी खरी; परंतु सनदेंत बहुधा ‘सबब’ नमूद असते. अमुकानें सेवा केली, अमुक विद्वान् किंवा कुटुंबवत्सल आहे, सबब जमीन करून दिली. पौलाच्या देणगीपत्रांत ही सबब घेणाराच्या बाजूस कोरीच आहे. अनुवादाच्या पुस्तकांतही, ९व्या अध्यायांत, इस्राएल लोकांस भूमि मिळाली ती त्यांच्या धार्मिकतेमुळें नव्हे, हें लागोपाठ तीनदां बजावलें आहे. तेथें सबब आहे ती पूर्वजांस दिलेल्या वचनाची व तेथील राष्ट्रांच्या दुष्टतेची. उलट, रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायांत पापाच्या फळास पौलानें जो शब्द लावला आहे तो शिपायाच्या पगाराचा आहे; पेशवाई दफ्तराच्या भाषेंत रोजमुरा. रोजमुरा हक्कानें मागतां येतो. त्याच्या समोर ठेवलेली देणगी मागतां येत नाहीं.

आतां पाठाकडे वळूं. याच पत्राच्या ११व्या अध्यायांत, एलियाच्या काळीं बआलापुढें गुडघे न टेकणाऱ्या ७००० जणांचा दाखला देऊन, पौल म्हणतो कीं आतांही एक अवशेष कृपेच्या निवडीनें राहिला आहे. पुढें ६व्या वचनांत तो सांगतो कीं ही निवड कृपेनें झाली असेल तर ती कर्मांनीं झालेली नव्हे, एरव्हीं कृपेचें कृपापणच उरणार नाहीं. कांहीं प्रतींत यापुढें उलट बाजूचें एक वाक्य आहे: निवड कर्मांनीं असेल तर ती कृपा नव्हे, नाहींतर कर्माचें कर्मपण उरणार नाहीं.

हें जोडवाक्य इ. स. २००च्या सुमारच्या, मूळच्या १०४ पैकीं ८६ पानें उरलेल्या पपायरस पोथींत नाहीं. ४थ्या शतकांतील सीनाय प्रतीच्या मूळ लेखकानें तें लिहिलें नव्हतें. मागाहून शोधकानें घातलें. ५व्या शतकांतील अलेक्झांड्रिया प्रतींत, पॅरिस येथील ६व्या शतकांतील ग्रीक-लॅटिन द्विभाषी प्रतींत, तसेंच जेरोमच्या नांवें चालणाऱ्या लॅटिन भाषांतरांतही तें नाहीं. पुढील काळच्या बहुसंख्य ग्रीक पोथ्यांत मात्र आहे. व्हाटिकन प्रत ४थ्या शतकाची असूनही तीत तें आहे, पण शेवटीं ‘कर्म’ या शब्दाऐवजीं ‘कृपा’ असा पाठ आहे.

जोडवाक्याच्या बाजूनें एक मुद्दा खरोखर बळकट आहे. व्हाटिकन पाठाप्रमाणें दोन्ही वाक्यें ‘खारिस’ या एकाच शब्दानें संपतात. तेव्हां लेखकाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरून मधला मजकूर गळणें अगदीं शक्य. पण अशी गळती मिसर, लॅटिन देश व द्विभाषी परंपरा या दूरदूरच्या शाखांत सर्वत्र व्हावी हें आम्हांस पटत नाहीं. शिवाय भर जेथें मागाहून पडते तेथेंच तिचीं रूपें डळमळीत असतात. आमचा तर्क असा कीं, कोणा लेखकास एकांगी वाक्य अपुरें वाटलें व त्यानें तराजूचें दुसरें पारडें भरलें. भर व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि तिनें कृपेच्या बरोबरीनें कर्मासही आपली व्याख्या मिळते, आणि पौलाचा रोख तर एकट्या कृपेचें स्वरूप राखण्याकडे आहे.

एवढ्याशा फरकानें केवढा अर्थ पालटतो हें उपनिषदांच्या अभ्यासकांस सांगावयास नको. कठोपनिषदांत शंकराचार्य ‘धातुप्रसादात्’ असा समास घेऊन मन आदिकरून करणांची प्रसन्नता असा अर्थ करितात; श्वेताश्वतरांत ‘धातुः प्रसादात्’ असा विसर्ग येतांच तेथें विधात्याचा प्रसाद उभा राहतो. साधकाची सिद्धता कीं वरून आलेला अनुग्रह, याचा निकाल दोन टिंबांवर!

इंग्रजीच्या १६११ सालच्या राजमान्य भाषांतरांत जोडवाक्य आहे, १८८१ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींतून तें काढलें गेलें. ज्यांच्या संग्रहीं श्रीरामपूरचा १८११ सालचा मराठी नवा करार किंवा त्या शतकांतील इतर मराठी प्रती असतील त्यांनीं हें वचन अवश्य काढून पहावें. भाषांतरकारापुढें कोणती ग्रीक संहिता होती याचा एक पुरावा तेथें मिळेल. मात्र मुखपृष्ठ गहाळ असलेल्या प्रतीचा काळ ठरवितांना तेवढ्यावरच विसंबूं नये, कारण जुना पाठ १८८१ नंतरच्या पुनर्मुद्रणांतही तसाच राहिलेला असूं शकतो. कागद, ठसे व छापखान्याच्या खुणा यांची साक्ष त्याबरोबर घ्यावी.