निवेदकाला काय माहीत नसतं?

कादंबरी वाचताना : लेखांक ७

‘मृत्युंजय’ मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा पंधराव्या वर्षी, मग तिशीत आणि आता या लेखांकासाठी. पहिल्या वाचनानंतर दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नव्हतं. तिशीत मी मधली वर्णनं गाळत पुढे गेले आणि तसं केल्याचं मनाला लागून राहिलं. या वेळी एक प्रयोग केला. भाचीच्या हातात पुस्तक दिलं आणि तिला सांगितलं, कुठलंही पान उघड, कोण बोलतंय ते न सांगता दहा ओळी वाच. कोण बोलतंय ते ओळखायचं काम माझं. असं आम्ही तासभर केलं. प्रसंगावरून ओळखू आलं तिथे आलं. नुसत्या बोलण्याच्या ढंगावरून एकदाही आलं नाही.

या लेखमालेच्या वाचकांनी एक तक्रार केली आहे, आणि ती रास्त आहे. मी कथानक कसं रचतात, पात्र कसं उभं राहतं हे समजावत बसते. पण घराघरात वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांबद्दल माझं स्वतःचं मत काय, ते सांगत नाही. आज सांगते. मात्र नुसतं आवडलं-नावडलं सांगून तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हणून पौराणिकपासून विज्ञानकादंबरीपर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न विचारणार आहे : ही गोष्ट सांगणाऱ्याला काय माहीत नाही?

निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. तो ‘मी’ म्हणून बोलतो तेव्हा लेखकाने स्वतःवर एक बंधन घालून घेतलेलं असतं. त्या ‘मी’ने पाहिलं, ऐकलं, भोगलं तेवढंच पानावर येऊ शकतं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे त्याला कळत नाही, आणि स्वतःच्या मनातलंही पुष्कळदा कळत नाही. हे न कळणं वाचकाला मात्र कळत असतं. कादंबरीतला ताण बहुतेक वेळा या फटीतून येतो.

शिवाजी सावंत ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली तेव्हा, म्हणजे १९६७ साली, सत्तावीस वर्षांचे होते. त्या वयाच्या तरुणाने नऊ खंड आणि सहा निवेदकांची रचना पेलली, हे आजही थक्क करणारं आहे. कर्णाचे चार खंड आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण यांचा प्रत्येकी एक. कर्णाला स्वतःचा जन्म माहीत नाही आणि कुंतीला तो माहीत आहे, ही या रचनेची खरी ताकद. कर्ण आपल्या कवचकुंडलांचं कोडं सोडवू पाहतो आणि त्याचं उत्तर दुसऱ्याच एका आवाजात आपल्यापर्यंत येतं. महाभारत पाठ असलेला वाचकही तिथे हलतो.

पण सहा तोंडं असली तरी वाणी एकच आहे. राजमाता, सारथ्याचा मुलगा आणि हस्तिनापूरचा युवराज, सगळे त्याच उपमांनी भरलेल्या, उंच सुरात बोलतात. शिवाय ते सगळे आलटून पालटून कर्णाचंच मोठेपण सांगतात. द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या सभेतला कर्ण हा त्याच्या चरित्रातला सर्वांत अवघड भाग. तिथे त्याला कठोरपणे पाहणारा एक आवाज हवा होता. द्रौपदीला एक खंड दिला असता तर ही कादंबरी आणखी मोठी झाली असती, असं माझं ठाम मत आहे. पंधराव्या वर्षी मी हे म्हटलं नसतं. त्या वयात मला कर्ण हवा होता आणि सावंतांनी तो मला भरभरून दिला. ते ऋण मी नाकारत नाही.

हाच प्रश्न ‘ययाति’ला विचारला की उत्तर वेगळं येतं. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालची. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि १९७४ साली खांडेकर ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले. इथे निवेदक तीन : ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. हे तिघं एकाच संसाराबद्दल बोलतात, पण एकमेकांशी सहमत होत नाहीत. ययातीला आपलं सुख शोधायचं आहे आणि आपण काय गमावतोय हे त्याला वेळेवर कळत नाही. त्याची वासना खांडेकरांनी झाकली नाही. मुलाचं तारुण्य मागणाऱ्या बापाला त्यांनी स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं आणि त्याचा निवाडा वाचकावर सोडला. हे धाडस ‘मृत्युंजय’मध्ये नाही.

देवयानीवर मात्र अन्याय झाला आहे. ती बोलते, पण तिच्या बोलण्यातून तिचा अहंकार तेवढा दिसावा अशी तजवीज आधीच केलेली जाणवते. कचावर जीव लावलेली, नाकारली गेलेली, मग राजाची राणी झालेली आणि आपल्याच दासीपायी फसवली गेलेली ही बाई. तिच्या रागाला कारणं आहेत. पण खांडेकरांचं मन त्या दासीकडे, शर्मिष्ठेकडे आहे. कच स्वतः निवेदक नाही, आणि त्यामुळे तो अखेरपर्यंत आदर्शच राहतो, माणूस होत नाही. खांडेकरांच्या सुभाषितवजा वाक्यांवर टीका करणं आज सोपं झालंय. माझा आक्षेप त्या वाक्यांवर नाही, देवयानीला मिळालेल्या वागणुकीवर आहे.

ऐतिहासिक कादंबरीत बहुधा ‘मी’ नसतो. तिथे सर्वज्ञ निवेदक असतो : सगळीकडे जाणारा, सगळ्यांच्या मनात शिरू शकणारा. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) याच पद्धतीची. सोळाव्या वर्षी पेशवाईवर आलेले माधवराव, पानिपतानंतरची खचलेली दौलत, चुलता राघोबा, पत्नी रमा आणि १७७२ साली थेऊरला झालेला अंत. थेऊरच्या गणपतीच्या दर्शनाला गेलेली माझ्या पिढीतली माणसं तिथे रमा-माधवाची आठवण काढतात, ती मुख्यतः देसाईंमुळे. एका कादंबरीने एका गावाला दिलेलं हे देणं लहान नाही.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर सर्वज्ञ निवेदकाने इथे आपला हक्क वापरलेला नाही. तो कुठेही जाऊ शकतो, पण माधवरावांच्या खोलीतून फारसा हलत नाही. राघोबांच्या मनात उतरायची मुभा असून ते दार अर्धवटच उघडतो. माधवराव करारी, न्यायी, रमेवर प्रेम करणारे आहेतच. त्यांचा संतापही शेवटी गुणातच जमा होतो. १९८८ च्या ‘पानिपत’मध्ये विश्वास पाटलांनी हा मुक्काम हलवला. सेनापती सदाशिवरावभाऊंवर त्यांचंही प्रेम आहे, पण त्यांचा निवेदक छावणीत हिंडतो, रसदीची आणि बाजारबुणग्यांची चौकशी करतो. उपासमारीची ती पानं लढाईच्या पानांपेक्षा जास्त चांगली आहेत. ऐतिहासिक कादंबरी नुकतीच वाचू लागलेल्या माणसाला मी ‘स्वामी’ देईन. ज्याला इतिहास कसा घडतो हे पाहायचंय त्याला ‘पानिपत’.

व. पु. काळ्यांची ‘पार्टनर’ (१९७६) नापसंत आहे असं म्हटलं की माणसं दुखावतात, कारण त्यातली वाक्यं त्यांनी वहीत उतरवून ठेवलेली असतात. मीही ठेवली होती. मुंबईतली जागेची अडचण, आई आणि बायको यांच्यात ओढला जाणारा श्री, हे सगळं खरं आहे. ‘पार्टनर’ या पात्राला मात्र सगळंच माहीत आहे. श्री अडचणीत आला की तो एक नेमकं वाक्य बोलतो आणि वाचकाला वाटतं, प्रश्न सुटला. श्रीचा ‘मी’ प्रामाणिक आहे, धडपडणारा आहे. त्याला उत्तरं इतक्या लवकर मिळाली नसती तर ही गोष्ट किती पुढे गेली असती! वपुंच्या कथा मला या कादंबरीपेक्षा जास्त आवडतात.

आता माझ्या सर्वांत लाडक्या पुस्तकाकडे येते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. एका बैठकीत वाचून होईल एवढी छोटी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो. शाळा ओस, पोरं मेंढरांमागे. कारभाऱ्याच्या आधाराने तो गावात रुजतो. पत्रं लिहून देतो, भांडणं मिटवतो, गावाकडून तालीम बांधून घेतो. गोष्ट तोच सांगतो, आणि माडगूळकरांनी त्याला फारसं शहाणं केलेलं नाही.

त्याला मेंढरांतलं कळत नाही. रानातलं कळत नाही. आपण सहज केलेल्या गोष्टीकडे वाडी कोणत्या नजरेने पाहील, हेही कळत नाही. कारभाऱ्याच्या लेकीची, अंजीची चोळी शिवून आणण्याची साधी बाब घ्या. मास्तराच्या दृष्टीने ते एक काम, पण वाडीच्या दृष्टीने त्यात बरंच काही असतं. मास्तराला हे उशिरा समजतं आणि आपल्याला त्याच्या थोडं आधी. एक बैल गेल्यावर शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा लावते, तो प्रसंग आठवा. निवेदक तिथे हळहळत नाही, शेतकऱ्याच्या हालाखीवर भाष्य करत नाही. पाहतो आणि सांगतो. गावाकडून आलेला आणि शहरात बसून लिहिणारा दुसरा कुणी असता तर त्याने त्या जागी दोन पानं खर्च केली असती. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं एकेक करून जगायला बाहेर पडतात आणि मास्तराने केलेलं सगळं रिकाम्या वाडीत उरतं. त्यालाही काही थांबवता येत नाही. अमोल पालेकरांनी १९९५ साली यावर चित्रपट केला. चित्रपट चांगलाच आहे, पण पडद्यावर आपण मास्तराकडे पाहतो आणि पुस्तकात त्याच्या डोळ्यांनी. हा फरक भरून निघत नाही.

अज्ञानाचा इतका चांगला उपयोग त्यानंतर मला मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये (२००४) सापडला. नववीतला मुकुंद जोशी आणि शिरोडकर. काळ आणीबाणीचा. मुकुंदला आणीबाणी कळते ती मोठ्यांच्या तुटक बोलण्यातून, आणि त्याला त्यात फारसा रसही नाही, कारण शिरोडकर कोणत्या रस्त्याने येते हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न आहे. लेखकाला ते दिवस पुरते ठाऊक आहेत, पण त्याने आपलं ज्ञान मुकुंदच्या तोंडी घातलेलं नाही. ‘लाइन’पासून ‘इचिभना’पर्यंतची ती पोरांची भाषा गंमत म्हणून आलेली नाही, पोरांना जे सरळ बोलता येत नाही ते त्या भाषेआड लपवता येतं. या कादंबरीवर एकच आक्षेप घेईन : मुलींचं मन इथे कुणालाच कळत नाही. मुकुंदला कळत नाही हे योग्यच. पण वाचकाला फटीतून दिसावं एवढं तरी शिरोडकरच्या वाट्याला यायला हवं होतं.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) लोकप्रिय म्हणायची का यावर वाद होईल. वसतिगृहात राहिलेल्या दोन-तीन पिढ्यांनी ती हातोहात फिरवली, म्हणून मी तिला या यादीत घेते. पांडुरंग सांगवीकरचं तिरकस बोलणं शंभरेक पानांनंतर मला थकवतं. पण त्याची बहीण मनी देवीच्या आजाराने जाते तिथे त्या बोलण्याचा आधारच सुटतो. सगळ्या जगाला उत्तर देणाऱ्या पांडुरंगाकडे बहिणीच्या मरणाला उत्तर नाही. माझ्या लेखी ती पानं मराठी कादंबरीतल्या सर्वोत्तम पानांपैकी आहेत, आणि त्यांच्यासाठी मी बाकीची कादंबरी पुन्हा वाचते.

रहस्यकथेबद्दल थोडक्यात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. त्यांच्या झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू या नायकांनी असंख्य मराठी घरांना वाचनाची सवय लावली. माझ्या वडिलांना तीच लागली होती. इथे माहिती लपवली जाते ती उत्कंठेसाठी, आणि रहस्य उलगडलं की पुस्तकाचं काम संपतं. वेग विलक्षण, वाक्यं स्वच्छ. पुन्हा वाचावंसं वाटलेलं पुस्तक मात्र मला त्यांत सापडलं नाही.

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नावाच्या वजनाशिवाय लेखनाची परीक्षा व्हावी ही त्यांची इच्छा मला फार मोलाची वाटते. म्हणून त्यांच्या कादंबरीलाही तोच न्याय लावते. ‘वामन परत न आला’मधली पात्रं पातळ आहेत, अनेकदा ती बोलत नाहीत, समजावून सांगतात. पण कल्पना केवढी मोठी! एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा उत्खननात सापडतो, त्यातल्या सूचनांनुसार यंत्रं बांधली जातात, आणि ती संस्कृती मुळात नष्ट का झाली याचा विचार मागे पडतो. इथे न कळणारा एखादा मास्तर किंवा शाळकरी मुलगा नाही, सगळी माणूसजातच आहे. विचार करणारी यंत्रं घरोघरी पोचलेल्या आजच्या दिवसांत ही कादंबरी तरुण वाचकांच्या हाती पुन्हा जायला हवी.

पुढच्या आठवड्यात संवादाकडे वळायचं आहे : पात्रं बोलतात तेव्हा काय सांगायचं टाळतात. त्यासाठी उदाहरणं ‘बनगरवाडी’तलीच घेणार आहे. तोवर ती वाचून ठेवा. आधी वाचली असेल तरी पुन्हा वाचा, आणि मास्तराला जे कळलेलं नाही पण तुम्हाला कळलं, अशी एक जागा पेन्सिलीने खूण करून मला कळवा.