मनगटावरचे घड्याळ आणि छातीतली कळ

"डॉक्टर, घड्याळ तर सगळं बरोबर दाखवतंय. मग छातीत कशापायी जळजळतंय?"

बोनकोडे गावातल्या माझ्या छोट्याशा दवाखान्यात एका सकाळी साडेआठच्या सुमारास हा प्रश्न आला. विचारणारे गृहस्थ साठी ओलांडलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. वाशीच्या बाजार समितीत तीस वर्षे माथाडी म्हणून त्यांनी कांद्या-बटाट्याची पोती वाहिली. डाव्या मनगटावर नवे कोरे घड्याळ होते. त्यावर नाडीचे ठोके ७६ आणि रक्तातला प्राणवायू ९८ टक्के दिसत होता.

पहाटे पाचपासून त्यांच्या छातीत जळजळ होती, डावा खांदा भरून आला होता आणि अंगाला घाम सुटला होता. पण दर थोड्या वेळाने घड्याळ बघायचे आणि 'सगळे ठीक आहे' अशी मनाची समजूत घालायची, असे साडेतीन तास चालले होते. शेवटी त्यांच्या पत्नीनेच त्यांना रिक्षात बसवून माझ्याकडे आणले. मी इसीजी काढला. हृदयविकाराचा झटका होता. अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला देऊन त्यांना ताबडतोब मोठ्या रुग्णालयात धाडले. ते वाचले. मात्र वाया गेलेल्या त्या तासांची किंमत हृदयाच्या स्नायूने मोजली. आज जिना चढताना त्यांना मध्ये थांबावे लागते.

आता एक गोष्ट कबूल करतो. ते घड्याळ घेण्याचा सल्ला माझाच होता. निवृत्तीनंतर वजन वाढले, साखर काठावर आली, म्हणून मी म्हणालो होतो, "रोज चाला. पावले मोजणारे घड्याळ घ्या, म्हणजे हुरूप येईल." लेकीने दिवाळीला ते हौसेने घेऊन दिले. घड्याळ काय मोजते ते मी सांगितले होते. काय मोजत नाही, ते सांगायचे राहून गेले. ती चूक भरून काढण्यासाठी आजचा हा लेख.

घड्याळ मोजते कसे?

या घड्याळात हालचाल टिपणारा एक बारीक संवेदक असतो. हात ठरावीक लयीत हलला की त्याची पावले धरली जातात. त्यामुळे गंमत होते. पोळ्या लाटताना किंवा भांडी घासताना बसल्या जागी पावले वाढू शकतात. उलट डोक्यावरचे ओझे दोन्ही हातांनी धरून माणूस कितीही चालला, तरी हात न हलल्याने कित्येक पावले निसटतात. बाजारातून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन येताना आपल्यालाही हा अनुभव येईल.

नाडी मोजायला घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त कमीजास्त होते, त्यानुसार परत येणारा प्रकाश बदलतो आणि घड्याळ त्यावरून ठोके मोजते. पट्टा सैल असेल, थंडीने हात गार पडला असेल, तर आकडा चुकतो. आपल्याकडच्या जुन्या पिढीतील बायकांच्या मनगटावर गोंदण असते. गोंदणाची शाई हा प्रकाश अडवू शकते. अशांनी घड्याळ दुसऱ्या हातात घालून पाहावे.

दहा हजार पावले कोठून आली?

"डॉक्टर, दहा हजार होतच नाहीत हो," अशी तक्रार घेऊन पुष्कळजण येतात. या आकड्याचा जन्म कोणत्याही प्रयोगशाळेत झालेला नाही. टोकियोचे ऑलिंपिक १९६४ साली झाले आणि त्यानंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. जाहिरातीतले नाव पुढे साऱ्या जगाचे लक्ष्य होऊन बसले.

अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६,७४१ वयस्क स्त्रियांची पावले मोजली गेली. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले. हा फायदा ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला आणि पुढे जवळजवळ स्थिरावला. तेव्हा दहा हजार न झाल्याचे दुःख करू नका. आज दोन हजार होत असतील तर पुढच्या महिन्यात तीन हजार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी चाल असली की श्रम मध्यम आहेत असे समजावे. त्याला घड्याळ लागत नाही.

कशावर विसंबावे, कशावर नाही?

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात मनगटी उपकरणे तपासली. सातपैकी सहा उपकरणांत नाडीच्या मोजणीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के! तेव्हा घड्याळाने तीनशे उष्मांक जळाल्याचे सांगितले, म्हणून त्या भरवशावर वाटेत वडापाव खाऊ नये.

रक्तदाबाचे पाहा. आम्ही दंडाला पट्टा बांधून हवा भरतो, रोहिणी दाबतो आणि मग दाब मोजतो. स्वस्त घड्याळ असे काही दाबत नाही. ते प्रकाशावरून नुसता अंदाज बांधते. त्या आकड्यावरून गोळी वाढवू नये आणि बंदही करू नये.

रक्तातली साखर सुई न टोचता दाखवणारी घड्याळे आणि अंगठ्या यांपासून तर दूरच राहा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याबाबत लोकांना सावध केले. स्वतःच्या बळावर साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतेल.

काही महागडी घड्याळे इसीजी काढतात. त्यांचा उपयोग आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर ती सूचना देतात आणि अशा सूचनेनंतर डॉक्टरांकडे जाणे शहाणपणाचे. पण ही पट्टी हृदयाकडे एकाच बाजूने पाहते. दवाखान्यातला इसीजी बारा बाजूंनी पाहतो. झटका आला आहे की नाही, हे घड्याळाच्या इसीजीवरून ठरत नाही. आमच्या माथाडी गृहस्थांच्या घड्याळात तर इसीजीही नव्हता. झटका आलेला असतानाही नाडी ७६ आणि प्राणवायू ९८ असू शकतो, एवढे साधे सत्य त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुकानात गेल्यावर

घड्याळ कशासाठी हवे, हे आधी ठरवा. नुसती पावले मोजायची तर दीड-दोन हजारांतला साधा पट्टा पुरतो. त्याचे चार्जिंग आठवडाभर टिकते. ज्यात फोनवर बोलताही येते, ती मोठी घड्याळे वारंवार चार्ज करावी लागतात आणि कंटाळा आला की कपाटात जातात.

घड्याळ हातात घालून दुकानाबाहेर या. मनात मोजत शंभर पावले चाला आणि आकडा पडताळा. मग बसून पाच मिनिटे विश्रांती घ्या, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून तीस सेकंद नाडी मोजा आणि दुप्पट करा. घड्याळाच्या आकड्यात आणि आपल्या मोजणीत चार-पाच ठोक्यांचा फरक चालेल. वीसचा असेल तर ते घड्याळ दुकानदाराला परत द्या.

चष्मा न लावता आकडे वाचता येतात का ते पाहा. मराठीत निरोप पाठवून पाहा, काही घड्याळांत अक्षरांऐवजी चौकोन उमटतात. आपल्याकडचा पाऊस आणि घाम लक्षात घेऊन पाण्यापासून संरक्षण किती, हे विचारा. पट्टा तुटल्यास वेगळा मिळतो का आणि दुरुस्ती कोठे होते, हे पक्क्या बिलावर लिहून घ्या. पट्टा रोज पुसून कोरडा करावा, नाहीतर घामाने पुरळ येते.

हृदयात पेसमेकर असेल, तर घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते. अशा रुग्णांनी घड्याळाने ठरवलेला ठोक्यांचा आकडा गाठण्याचा हट्ट धरू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. छातीत दडपण, जळजळ, हात, खांदा किंवा जबड्यापर्यंत जाणारी कळ, घाम, धाप यांपैकी काही अचानक सुरू झाले आणि थांबेना, तर घड्याळाकडे बघू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा इसीजीची सोय असलेला सर्वांत जवळचा दवाखाना गाठा. मधुमेही माणसाला कळ सौम्य असते, कधी जाणवतही नाही. त्याने अधिकच जागरूक राहावे.

ते गृहस्थ आता कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात रोज सकाळी सावकाश चालतात. घड्याळ अजून हातात आहे. गेल्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा त्यांनी पावलांचा आकडा मोठ्या अभिमानाने दाखवला, तीन हजार आठशे. मी विचारले, "आणि छातीत दुखलं तर?"

ते पत्नीकडे पाहून हसले. "तर हिला सांगायचं, डॉक्टर. घड्याळाला नाही."