गुडघ्याची तरफ

तुमच्या आजीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे असे समजा. खुर्चीवर बसून पाय हळूहळू सरळ करा, असे डॉक्टर सांगतात. एवढ्याने काय होणार, असे घरच्यांना वाटते. आपण हिशेब करून पाहू. गुडघ्याखालच्या भागाचे वजन पावलासह सुमारे ४ किलोग्रॅम धरा आणि त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून २० सेंटिमीटरवर. मांडीच्या स्नायूचा कंडरा मात्र सांध्याच्या मध्यापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवरून ओढतो. म्हणजे पाय आडवा धरण्यास ४ × २० ÷ ४ = २० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते! घोट्याला, म्हणजे ४० सेंटिमीटरवर, १ किलोग्रॅमची वाळूची पिशवी बांधली की आणखी १०. शस्त्रक्रियेनंतर हाच स्नायू झपाट्याने अशक्त होतो. तेव्हा पिशवीची घाई नको.

व्यायामाच्या जोडीला घरोघरी हळदीचा किंवा निर्गुडीचा लेप निघतो. जखम पूर्ण भरेपर्यंत तो टाक्यांवर लावू नये. त्यातून जंतू आत जाऊ शकतात. भाजीतल्या हळदीचे भय नाही. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि गुडघा बदलल्यावर ते औषध बहुधा दिलेले असते. आजी अशा गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना तुम्हीच सांगा. ती सांगायची नाही. तिच्या लेखी ते औषध नव्हेच.