बटणं आठ, तारा पाच

निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हा व्हिडिओ गेम आणला. पुढे अमेरिकेत तो ‘एनईएस’ नावाने विकला गेला आणि त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या टीव्हींनाही जोडल्या गेल्या. एनईएसच्या कंट्रोलरवर आठ बटणं असतात: चार दिशांची, शिवाय ए, बी, सिलेक्ट आणि स्टार्ट. दर बटणाला वेगळी तार दिली असती, तर ग्राउंड धरून नऊ तारा लागल्या असत्या. प्रत्यक्षात पाचच लागतात. दोन विजेच्या, आणि लॅच, क्लॉक, डेटा या तीन. ही काटकसर ४०२१ नावाच्या शिफ्ट रजिस्टर चिपची. लॅचच्या तारेवर इशारा आला की ती आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती एकदम टिपते आणि क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक बटण डेटाच्या तारेवर पुढे सरकवते, वर्गात हजेरी घ्यावी तसं. पुढच्या सुपर एनईएसवर बटणं बारा झाली, तरी तारा पाचच राहिल्या. ठोके तेवढे सोळा झाले.

आज असा कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्याला किंवा नवा बनवणाऱ्याला ४०२१ च्या शेजारी ७४एचसी१६५ ही चिप दिसते. कामही तेच: आठ स्थिती एकदम घ्यायच्या, एकेक करून द्यायच्या. ती कितीतरी वेगवान आहे, म्हणून तीच घ्यावी, असं वाटणं साहजिक आहे. पण वेग हा इथे निकषच नव्हे. गेम सेकंदाला साधारण ६० वेळा कंट्रोलरची विचारपूस करतो. आठ बटणं धरली तर सेकंदाला ४८० उत्तरं झाली. काही गेम खात्रीसाठी दोनदा वाचतात, म्हणजे फार तर दुप्पट. पाच व्होल्टवर ४०२१ सेकंदाला लाखो ठोके सहज झेलते. पाहायचं ते हे की समोरचं यंत्र लॅचचा इशारा कसा देतं आणि किती व्होल्टवर बोलतं.

एनईएसची लॅचची तार एरवी खाली, म्हणजे शून्यावर असते. क्षणभर वर जाते तेव्हा ‘टिपून घे’ असा अर्थ. ४०२१ ला हेच कळतं. ७४एचसी१६५ चा नेम उलटा: तार खाली असेल तोवर टिपत राहायचं, वर गेली की सरकवायचं. ती एनईएसला तशीच जोडली, तर सारा वेळ टिपण्यातच जातो, सरकवणं होतच नाही. आठही वेळा पहिल्या, म्हणजे ए बटणाचंच उत्तर जातं. ए दाबलं की गेमला आठही बटणं दाबल्यासारखी वाटतात! आणखी फसवी आहे ४०१४. पायांची मांडणी हुबेहूब ४०२१ सारखी, पण तिला टिपण्यासाठी लॅच वर असतानाच क्लॉकचा ठोकाही लागतो. एनईएस त्या वेळी तो देत नाही, त्यामुळे ती बटणं टिपतच नाही.

एका ट्रान्झिस्टरने इशारा उलटवून ७४एचसी१६५ चालवता येईल, हा आक्षेप खरा आहे. तरी मूळ चिप मिळत असताना जास्तीचे जोड कशाला? एनईएसऐवजी छोट्या संगणक-बोर्डाला जोडायच्या नव्या कंट्रोलरचा प्रश्न मात्र वेगळा. तिथे इशारा कसा द्यायचा हे आपलाच प्रोग्रॅम ठरवतो, त्यामुळे उलटा नेम फुकटात सांभाळला जातो. शिवाय रास्पबेरी पायसारखे बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतात. ७४एचसी१६५ ला २ ते ६ व्होल्ट चालतात. ४०२१ ची किमान मर्यादाच ३ व्होल्ट, आणि तिथे ती मंदावते. तिला पाच व्होल्ट देऊन डेटा थेट अशा बोर्डाला जोडला, तर बोर्डाची पिन जळू शकते. इथे माझं मत सरळ ७४एचसी१६५ ला. ‘बोर्डाला पिना आहेत, मग चिप हवीच कशाला?’ बटणं सहा आणि बोर्ड कंट्रोलरच्या पोटातच असेल, तर खरंच नको. कंट्रोलर लांब तारेने जोडायचा असेल, तर हवी.

नावात शिफ्ट रजिस्टर आहे म्हणून ७४एचसी५९५ मात्र उचलू नये. तिचं काम उलट्या दिशेचं, एका तारेवरून आलेली माहिती आठ पायांवर मांडण्याचं. ती दिवे लावायला चांगली, बटणं वाचायला निरुपयोगी. आणि ४०२१ घ्या की ७४एचसी१६५, दर बटणाच्या पायाला विजेच्या तारेकडे ओढून धरणारा, १० किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावावाच लागतो. तो नसेल, तर न दाबलेलं बटणही मधूनच दाबल्यासारखं वाचलं जातं, आणि दोष विनाकारण चिपवर येतो.